नाथाला पाठ असलेला नंबर

माझ्या नावापुढे आज बी.कॉम. लागतं. आमच्या घरात असं काही पहिल्यांदाच लागलं. आईवडिलांचे कष्ट त्यामागे आहेतच; पण सगळ्यांत मोठं ऋण कुणाचं असं विचारलंत, तर मी मावशींचं नाव घेईन. त्या माझ्या आईच्या बहीण नव्हेत. लोणावळ्यातल्या आमच्या ऑफिसात त्या टेलिफोन सांभाळायच्या, आणि शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे.

फोन वाजला की त्या उभ्या राहायच्या. खुर्ची मागे सरकवायची, पदर खांद्यावर नीट घ्यायचा आणि मग रिसीव्हर उचलायचा. "नमस्कार, बोला." पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी एक फोन ठेवला की दुसरा वाजायचा, तरी त्या दर वेळी उठायच्या. मी एकदा म्हणालो, मावशी, बसून बोललात तर पलीकडच्याला काय दिसणार आहे? त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई, पर ऐकू येतं."

आमचं ऑफिस म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतली, चिक्कीच्या दुकानावरची एक खोली. मुंबई-पुण्याच्या लोकांना सुट्टीसाठी बंगले भाड्याने द्यायचे, हा धंदा. मी जवळच्याच परंदवडी गावचा. बारावी झाल्यावर तिथे लागलो. पहिल्याच दिवशी मावशी पाणी आणायला गेल्या असताना फोन वाजला, मी उचलला आणि म्हणालो, "कोन पायजे?" पलीकडची बाई इतकी हसली की मी फोन तसाच टेबलावर ठेवून बाजूला झालो. मावशींनी येऊन तो घेतला, बुकिंग केलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "आपली बोली वाईट न्हाई. ती घरी ठिव. हितं मातुर पाहुण्यांच्या घरी गेल्यावानी बोलायचं." मग महिनाभर त्या मला फोनवरचं बोलणं शिकवत होत्या. त्या स्वतः फोनवर अशा बोलायच्या की गिऱ्हाइकांना त्या सदाशिव पेठेतल्या वाटत. रिसीव्हर खाली ठेवला की लगेच आपल्या भुशी गावच्या.

बाहेरून पदवीचा अर्ज भरायला त्यांनीच लावला. परीक्षेच्या दिवसांत माझं काम त्या करायच्या आणि शेठनी विचारलं तर पोरगा बँकेत गेलाय असं सांगायच्या. निकाल लागला त्या दिवशी तर त्यांनी कहर केला. जो फोन येईल त्याला बंगल्याची माहिती दिल्यावर शेवटी सांगायच्या, "आणि आमच्याकडचा मुलगा आज बी.कॉम. झाला बरं का." ठाण्याच्या, बोरिवलीच्या कुणा अनोळखी माणसांनी त्या दिवशी माझं अभिनंदन केलं. एकाने तर विचारलं की त्याबद्दल भाडं कमी होणार का.

आता नाथाबद्दल सांगायला हवं, कारण मावशी समजायच्या तर तो समजायला हवा.

नाथा त्यांचा धाकटा भाऊ. अंगाने थोराड, मनाने सहा-सात वर्षांचा. आईवडील गेल्यावर मावशींनी त्याला सांभाळलं. लग्न केलं नाही. त्याबद्दल कधी बोलल्याही नाहीत. भुशीला धरणाच्या रस्त्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर. सहलीच्या बसगाड्या दारावरून जायच्या आणि नाथाला गाडीत बसायची भारी हौस. कुणी हसून हात केला की हा चढायचा. गाणी म्हणत, टाळ्या वाजवत लोकांबरोबर जायचा आणि मग कुठेतरी उतरून हरवायचा.

खिशात चिठ्ठी ठेवली तर तो ती कुणालाही देऊन टाकायचा. मोबाईल दिला होता, तो त्याने एका लहान मुलीला खेळायला देऊन टाकला. शर्टाच्या आत नंबर शिवला, तर तो शर्ट बदलून आला. शेवटी मावशींनी त्याच्याकडून आमच्या ऑफिसचा नंबर पाठ करून घेतला. एसटीडी कोडसकट, चालीवर, भांडी घासताना, केस विंचरताना, रोज. त्याच्या डोक्यात तो एकच नंबर बसला. पुढे मावशींनी स्वतःचा मोबाईल घेतला आणि तो नंबर शिकवायला गेल्या, तर त्याचा नुसता गोंधळ उडायला लागला. तो नाद त्यांनी सोडून दिला.

मग असं व्हायचं. फोन वाजायचा, मावशी उठायच्या, नमस्कार म्हणायच्या आणि एकदम त्यांची बोली बदलायची.

"ताई, मी हितं हाय."

"कुटं हितं?"

"हितंच की."

"बरं. फोन कुनाचा हाय? त्यान्ला दे. आन तू थांब तितंच. हलू नको, मी आले."

फोनवाल्याकडून जागा कळायची. मावशी पर्स उचलायच्या, मला खुर्ची दाखवायच्या आणि निघायच्या. ताईने थांब म्हटलं की नाथा तिथून हलायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कर्जतला एकदा स्टेशनबाहेरच्या बाकावर तो भर उन्हात बसून होता. शेजारी सावली होती, पण ताईने तितंच म्हटलं होतं. कामशेतला तो कुणाच्या लग्नात शिरला आणि नवरदेवाच्या मामाच्या मोबाईलवरून त्याने कळवलं की ताई, हितं जेवण लय भारी हाय. मावशी आणायला गेल्या तर त्या लोकांनी त्यांनाही पंगतीत बसवलं.

एक गोष्ट मात्र होती. मावशींऐवजी कुणी उचलला तर नाथा बोलायचा नाही. फोन ठेवून द्यायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा करायचा. माझा आवाज तो ओळखायचा, घरी गेलो तर माझ्या गळ्यात पडायचा, पण फोनात मी त्याला चालत नसे.

मग शेठनी ऑफिस सोडायचं ठरवलं. जागेचं भाडं वाढलं होतं, आणि पावसाळ्यात एकच लाइन सतत गुंतलेली, गिऱ्हाईक तुटायचं. पुण्याहून फोन सिस्टिमवाला एक तरुण आला. त्याने चहा घेता घेता समजावलं की आता फोन टेबलावर वाजणार नाही. ऑफिसचा नंबर इंटरनेटवर राहील, तिथून कॉल पुढे वळेल आणि मावशींच्या मोबाईलवर वाजेल. एका वेळी कितीही लोकांनी केला तरी नंबर गुंतलेला लागणार नाही. मावशी बोलत असतील तर कॉल माझ्याकडे येईल. "मावशी, आता घरी बसून नोकरी," शेठ म्हणाले. "भाजी निवडत बुकिंग घ्या."

मावशींनी एकच विचारलं, नंबर तोच राहणार ना? तो तरुण हो म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा हो म्हणाला. मग त्याने फोन करणाऱ्याला सुरुवातीला ऐकू येणारं स्वागत ऐकवलं. पुण्यातल्या कुणा मुलीचा गोड आवाज होता.  मावशी म्हणाल्या, "ह्यो आवाज आला तर नाथा फोन ठिवून दील."

शेठना नाथाचं सगळं माहीत होतं. त्यांनीच सुचवलं की मग तुमचाच आवाज भरू. मावशींना ते इतकं पटलं की त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी उभं राहून, पदर घेऊन, त्या तरुणाच्या मोबाईलसमोर म्हटलं, "नमस्कार. फोन केल्याबद्दल आभार. आम्ही लगेच आपल्याशी बोलतो. कृपया थांबा." पहिल्याच खेपेला छान आलं. तो तरुण म्हणाला, रेडिओवर शोभाल. आम्हा सगळ्यांना वाटलं, यापेक्षा चांगला उपाय नाही. नाथाला ताईचा आवाज ऐकू येईल, तो फोन धरून राहील, तेवढ्यात कॉल मोबाईलवर जाईल आणि खरी ताई बोलेल.

घरी जाऊन आम्ही करूनही पाहिलं. शेजाऱ्यांचा मोबाईल नाथाच्या हातात दिला. त्याने चालीवर नंबर दाबला, ऐकलं, डोळे मोठे केले. "ताई हितंबी हाय आन फोनातबी हाय," म्हणाला आणि फोन मला देऊन उंबऱ्यावर बसला. आम्ही हसलो. मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो का बसला, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते वर्षभर तसं बरं गेलं. मावशी चुलीपाशी उभ्या राहून बंगले द्यायच्या. कुकरची शिट्टी झाली की गिऱ्हाईक विचारायचं, जेवणाची सोय आहे वाटतं? नाथा त्यांच्यासमोर बसून त्यांच्या फोनवरच्या बोलण्याची नक्कल करायचा आणि स्वतःच हसायचा. ताई पूर्ण वेळ घरी, म्हणून तो गाड्यांकडे फारसा फिरकतही नव्हता. मावशी मला म्हणाल्या होत्या, "ही वायर काढली त्ये लय ब्येस झालं बघ."

तो रविवार ऐन पावसाळ्यातला. तुमच्यापैकी कुणी अशा रविवारी भुशीला आला असाल तर तुम्हाला माहीत असेल, माणसांना पाय ठेवायला जागा नसते, आणि एवढे मोबाईल एका जागी आल्यावर कुणाचाच नीट लागत नाही. मावशी दुपारी पाणी भरायला गेल्या. परत आल्या तर दारात नाथा नव्हता आणि त्याची चप्पलही नव्हती. त्या घाबरल्या नाहीत. मोबाईल हातात घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, त्याच्या फोनची वाट बघत.

मोबाईल वाजलाच नाही. खूप वेळाने रेंज आली तेव्हा त्यावर मिस्ड कॉल दिसला. नंबर आमच्या ऑफिसचाच. पुढे वळवलेला कॉल असा यायचा. मूळ कुणी केला ते दिसत नसे. मावशींनी घाईने त्यावर परत फोन लावला. पलीकडून त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला. नमस्कार. फोन केल्याबद्दल आभार. कृपया थांबा. त्या थांबल्या. फोन गुंतलेला असल्याचा आवाज आला, कारण वळून तो त्यांच्याच हातातल्या मोबाईलवर येत होता आणि माझाही मोबाईल तेव्हा गिऱ्हाइकांत गुंतलेला होता. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. किती वेळा ते त्यांनी मला सांगितलं नाही.

नाथाचा तो कॉल माझ्याकडेही आला नव्हता; मावशी बोलत असतील तरच कॉल माझ्याकडे वळायचा, त्यांना रेंज नसेल तर नाही. मावशींनी मला कळवलं तसा मी गर्दीतून वाट काढत पोचलो. आलेल्या कॉलचे नंबर सिस्टिमच्या हिशेबात राहतात, पण ते बघायचा पासवर्ड शेठकडे. ते कुटुंबासह कोकणात, मोबाईल बंद. पुण्याच्या त्या कंपनीला रविवारची सुट्टी. मी आणि शेजारची दोन माणसं स्टेशन, एसटी स्टँड, खंडाळ्यापर्यंतचा रस्ता पाहून आलो. सोमवारी सकाळी शेठ सापडले. मी मावशींच्या घरी लॅपटॉप उघडला. नंबर होता. शेजारी एक छोटी खूणही होती. तिचा अर्थ हे बोलणं रेकॉर्ड झालंय.

मावशी म्हणाल्या, लाव.

आधी त्यांचं स्वागत. मग गाड्यांचे आवाज, आणि मग नाथा. "ताई, मी हितं हाय." त्यावर ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू झालं, आम्ही लगेच आपल्याशी बोलतो, कृपया थांबा. नाथा शहाण्या मुलासारखा म्हणाला, "बरं ताई. थांबतो." आणि फोन बंद झाला.

 मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून मी पुन्हा लावायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

नंबर खोपोलीच्या अलीकडच्या एका वडापाववाल्याचा निघाला. आम्ही घाट उतरून गेलो. माणूस भला होता. तो म्हणाला, बसमधून उतरला, मला म्हणाला ताईला फोन करायचाय, मी दिला. दोन शब्द बोलला आणि फोन परत दिला. खुशीत होता. ताई येतेय, थांब म्हणाली, असं सांगत होता. समोर रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला. पाऊस आला तेव्हा मी छपरात बोलावलं, तर म्हणाला न्हाई, ताई मला शोधंल. चहा दिला तो घेतला. मी रात्री वडापावची गाडी बंद करून गेलो तेव्हा तिथेच होता. सकाळी नव्हता.

कठड्यावर कुणी नव्हतं. मावशी त्यावर जाऊन बसल्या. समोरून ट्रक जात होते, अंगावर पाणी उडत होतं. तिथेच बसून म्हणाल्या, "मी सांगितलं म्हनून बसला रं त्यो. भिजत बसला."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही हाती लागलं नाही. पोलीस चौकीत तक्रार दिली. फोटो दिला, त्यात नाथा डोळे मिटून हसतोय. कर्जत, पनवेल, पेण. स्टेशनं, दवाखाने, आश्रम. कुणी म्हणायचं असा एक पाहिला होता. आम्ही जायचो, तो दुसराच कुणी निघायचा.

या सगळ्यात आमचा नंबर चालूच होता. लोक फोन करत होते आणि मावशींचा आवाज त्यांना थांबायला सांगत होता. एक दिवस मावशी मला म्हणाल्या, "माजा आवाज काढ तितनं." मी शेठशी बोलायला निघालो, तर दारापर्यंत मागे आल्या. "नको. त्यानं परत केला आन तिसरंच कोन बोललं तर?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "पर ठिवला तर त्यो परत थांबंल." त्या दिवशी त्या असं तीन-चारदा हो-नाही करत राहिल्या. मग त्यांना सुचलं की नवीन आवाज भरावा: नाथा, फोन ठिवू नको, ज्याचा हाय त्याला दे. शेठनी तोही भरू दिला, वाईट माणूस नव्हते ते. काही आठवडे बंगला शोधणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकू येत होतं. लोक विचारायचे, हा काय प्रकार आहे, राँग नंबर आहे का. बुकिंग घटलं. शेवटी शेठनी मला बोलावून सांगितलं की आता पुरे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी पुण्याच्या मुलीचा आवाज लावला.

त्या दिवसापासून मावशींनी फोन घेणं सोडलं. नोकरीही सोडली. मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात टाकला. मी भेटायला गेलो की चहा करतात, माझ्या आईची चौकशी करतात. शेजारच्या घरात कुणाचा फोन वाजला की उठून मागच्या खोलीत जातात. नाथाचं नाव त्या घेत नाहीत आणि मी घेतलं तर ऐकलंच नाही असं करतात. मी ज्यांच्याकडून माणसांशी बोलायला शिकलो, त्यांच्याशी काय बोलावं हे मला कळेनासं झालं.

यंदा शेठनी बंगले एका मोठ्या कंपनीकडे दिले आणि धंदा आवरला. त्यानंतर मी मावशींना पत्र लिहिलं. ते परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. उत्तर आलेलं नाही. मी दोनदा भुशीला जाऊन आलो, मावशींनी चहा दिला, पत्राचा विषय काढला नाही. त्यात काय होतं ते असं:

ती. मावशींना,

सा. न. वि. वि. तुमच्यासमोर बसलो की मला बोलता येत नाही म्हणून लिहितो.

शेठ नंबर बंद करणार होते. मी तो त्यांच्याकडून मागून घेतला. आता तो माझ्या नावावर आहे. त्यावर कुणाचाही भरलेला आवाज ठेवलेला नाही. वाजला की सरळ माझा मोबाईल वाजतो, आता करणाऱ्याचा नंबरही दिसतो, आणि मी लगेच उचलतो. बहुतेक फोन बंगल्यांचेच असतात. त्यांना मी नीट सांगतो.

परवा एक फोन आला. मी नमस्कार म्हणालो. पलीकडे गाड्यांचा, माणसांचा आवाज होता. कुणी बोललं नाही, फोन ठेवला. थोड्या वेळाने त्याच नंबरवरून पुन्हा आला. या वेळी मी नाथा म्हणून हाक मारली. पुन्हा ठेवला. मी लगेच उलटा फोन केला. तो अलिबागच्या बाजूच्या एका शहाळेवाल्याचा निघाला. म्हणाला, गर्दी होती, कुणीतरी मागितला म्हणून दिला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला फोटो दाखवला. असेलही, म्हणाला. आसपास दोन दिवस शोधलं. तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. कदाचित दुसराच कुणी असेल. पण तो नाथा असेल, तर माझा आवाज ऐकून त्याने फोन ठेवला, आणि पुढच्या वेळीही तो ठेवणार.

म्हणून एकच मागणं आहे. डब्यातला मोबाईल बाहेर काढा आणि चार्ज करा. नंबर तुमच्याकडे वळवायला मला एक मिनिट लागतं. बंगलेवाल्यांना कंटाळलात तर ते मी बघेन. तुम्ही नुसतं व्हय म्हणून कळवा.

तुमचा आज्ञाधारक